इंबर: सैन्याने रिकामं केलेलं विल्टशरमधलं गाव (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

इंग्लंडला आलेली मराठी मंडळी स्टोनहेंज बघून, फोटो काढून, बाथच्या दिशेने निघून जातात. त्या वाटेच्या उत्तरेला, स्टोनहेंजपासून पंधरा-वीस किलोमीटरवर, इंबर नावाचं गाव आहे. गाव म्हणायचं ते नकाशापुरतं; डिसेंबर १९४३ पासून तिथे कुणी राहत नाही. वर्षातले मोजके दिवस रस्ता उघडतो. आधीच जाऊन आलेले लोक अर्धवट माहिती सांगतात आणि मग तेच ते प्रश्न पुन्हा येतात. त्यांची उत्तरं इथे एकत्र दिली आहेत.

इंबर नेमकं कुठे आहे?

दक्षिण इंग्लंडमध्ये विल्टशर काउंटीत, सॉल्सबरी प्लेन नावाच्या पठारावर. सर्वांत जवळचं रेल्वे स्टेशन असलेलं मोठं गाव वॉर्मिन्स्टर. त्या भागात एक जुनं कवन आहे. ‘डाऊनवरचं इवलं इंबर, कुठलंही शहर सात मैल दूर’ असा त्याचा अर्थ. सात मैल म्हणजे सुमारे अकरा किलोमीटर. आज गाडीने हे अंतर काहीच नाही, पण हिवाळ्यात, चिखलात, घोडागाडीने जाणाऱ्याला तो अख्ख्या दिवसाचा प्रवास होता.

आसपासची गावं बघितली की इंबरचं वेगळेपण कळतं. या पठारावरची बहुतेक गावं वाइली, एव्हन अशा नद्यांच्या काठाने ओळीत वसली आहेत, किंवा मग पठाराच्या उत्तर कड्याखाली, जिथे झरे फुटतात तिथे. एडिंग्टन, ब्रॅटन, मार्केट लॅव्हिंग्टन ही त्या कड्याखालची गावं. इंबर मात्र पठाराच्या मधोमध, एका अरुंद दरीत, एकटं. हे एकटेपण पुढे त्याला महागात पडलं.

डाऊन्स म्हणजे नक्की कसली जमीन?

बोडक्या, गोलसर, गवताळ टेकड्या. झाडं कमी, वारा भरपूर. खाली पांढराशुभ्र खडू, वर मातीचा पातळ थर. कुदळ मारली की वीतभरावर पांढरं लागतं, आणि त्यात चकमकीच्या दगडाचे काळपट गोळे सापडतात.

हा खडू म्हणजे समुद्रातल्या अतिसूक्ष्म शैवालांच्या कवचांचा गाळ. साडेसहा ते दहा कोटी वर्षांपूर्वी इथे उबदार समुद्र होता, त्याच्या तळाशी तो साचत गेला. नंतर जमीन उचलली गेली. पठाराचा उत्तरेकडचा कडा वेस्टबरीजवळ सुमारे २३० मीटर उंच आहे. आपल्या हिशेबात ती टेकडीच, पण खालचा मुलूख इतका सपाट की वर उभं राहिलं की दूरदूरचं दिसतं.

इंबरच्या आसपास फिरताना आणखी एक गोष्ट खटकते: दऱ्या आहेत पण त्यांत ओढे नाहीत. हिमयुगात जमीन गोठलेली असायची, खडूतल्या भेगा बर्फाने बुजलेल्या असायच्या, त्यामुळे उन्हाळ्यात वितळलेलं पाणी वरूनच वाहायचं आणि जमीन कापत जायचं. गोठण संपली, पाणी खडूत मुरायला लागलं आणि दऱ्या कोरड्या पडल्या.

मग गावाला पाणी कुठून?

विहिरी होत्या. शिवाय गावाच्या मुख्य रस्त्याच्या कडेने ‘इंबर डॉक’ नावाचा एक ओहळ जायचा. तो बारमाही नाही. हिवाळ्यात खडूतली पाण्याची पातळी वर आली की वाहणार, उन्हाळ्यात गायब. खडूच्या मुलखात असे हंगामी ओढे सगळीकडे आहेत. जास्त पावसाच्या वर्षी डॉक रस्त्यावर यायचा आणि कधी घरांतही शिरायचा.

वर माळावर मेंढ्यांसाठी तळी खणावी लागत. त्यांना दवाची तळी म्हणतात, पण भरतात मुख्यतः पावसानेच. मोठा उथळ खड्डा खणायचा, चिकणमाती तुडवून तुडवून घट्ट बसवायची, त्यात चुना आणि पेंढ्याचे थर द्यायचे, वर खडी पसरायची. सच्छिद्र खडूवर पाणी टिकवायचं म्हणजे कौशल्याचं काम, आणि ते करणाऱ्या टोळ्याच असत. मार्केट लॅव्हिंग्टनकडचे कारागीर यासाठी लांबून बोलावले जात.

गाव किती जुनं?

दहाव्या शतकातल्या कागदपत्रांत नाव येतं. १०८६ मध्ये विल्यम राजाने देशभर जी महसुली पाहणी केली तिच्यातही इंबर आहे, तेव्हाही लहानच. वस्तीच्या खुणा मात्र त्याहून कितीतरी आधीच्या. पठारावर जागोजागी कांस्ययुगातली थडगी आहेत, लोहयुगातले किल्ले आहेत, रोमन काळातल्या खेड्यांचे उंचवटे आहेत. चॅपर्टन डाऊनवरच्या अशा एका खेड्यातल्या घरांच्या आणि वाटांच्या खुणा तिरप्या उन्हात अजून वाचता येतात. तिथे नांगर फिरला नाही म्हणून त्या उरल्या. हा मुद्दा पुढे परत येईल.

लोकांचं पोट कशावर चालायचं?

मेंढ्या आणि गहू-जव. दोन्ही एकमेकांवर अवलंबून.

खडूवरची माती हलकी. खत दिल्याशिवाय पीक नाही आणि खत आणायचं कुठून, तर मेंढीच्या पोटातून. दिवसभर कळप माळावर चरायचा, संध्याकाळी मेंढपाळ तो खाली शेतात आणायचा आणि हेझलच्या फोका विणून केलेल्या ताट्यांच्या कुंपणात रात्रभर कोंडायचा. सकाळी ताट्या उचलून पुढच्या तुकड्यात रोवायच्या. असं करत करत अख्खं शेत खतावायचं. आपल्याकडे धनगर शेतात मेंढरं बसवतात, तेच. फरक इतकाच की आपल्याकडचा धनगर आपला कळप घेऊन येतो आणि शेतकऱ्याशी बोली करतो. विल्टशरचा मेंढपाळ हा शेतमालकाचा पगारी गडी. मेंढ्या त्याच्या नव्हत्या, शेत त्याचं नव्हतं, आणि राहतं घरही त्याचं नव्हतं.

शेकडो वर्षांच्या या चराईतूनच माळाचं ते आखूड, दाट गवत तयार झालं. आता आपण त्याला निसर्ग म्हणतो. खरं तर ते मेंढ्यांचं काम आहे.

दरोडेखोरांच्या दगडाची गोष्ट काय आहे?

ही माझी आवडती, म्हणून थोडी सविस्तर. २१ ऑक्टोबर १८३९ च्या संध्याकाळी इंबरचे डीन नावाचे शेतकरी डिव्हायझेसच्या बाजाराहून घोड्यावरून घरी येत होते. गोर क्रॉस नावाच्या तिठ्याजवळ चौघांनी त्यांना अडवून लुटलं. डीनसाहेब गप्प बसले नाहीत. माणसं जमवून पाठलाग सुरू केला आणि तो तीन तास चालला. चौघांपैकी बेंजामिन कोल्क्लफ हा पळता पळता चिटर्न डाऊनवर कोसळून मेला. उरलेले तिघे पकडले गेले आणि पंधरा वर्षांच्या काळ्या पाण्याची शिक्षा झाली.

मग लोकांनी वर्गणी काढून दोन दगड उभे केले. एक लुटलं त्या जागी, दुसरा चोर पडला त्या जागी. दगडावर सगळी हकीकत कोरली आहे. पकडलेल्या तिघांची नावं आहेत, डिव्हायझेसच्या कोर्टाचा उल्लेख आहे, आणि शेवटी देवाने चोरांना ठरवून दिलेली शिक्षा चुकवू पाहणाऱ्या उद्धटांना ताकीद आहे. मजकूर वाचताना वर्गणीदारांचा राग अजून ताजा वाटतो. गंमत म्हणजे लुटलं गेलेल्या माणसाचं फक्त आडनाव आहे आणि चोरांची मात्र पूर्ण नावं.

१९४३ च्या आधीच गाव ओसरायला लागलं होतं, असं म्हणतात. खरं का?

हो, आणि हे सांगितल्याशिवाय इंबरची गोष्ट खोटी पडते. १८५१ च्या जनगणनेत गावात ४४० माणसं होती. १९३१ मध्ये १५२ उरली. म्हणजे ऐंशी वर्षांत दोन तृतीयांश गाव आपापलं निघून गेलं होतं. अमेरिकेतून स्वस्त धान्य यायला लागलं तशी १८७० नंतर इंग्लंडची शेती बसली. मजूर शहरात गेले, रेल्वेत गेले, परदेशी गेले. यंत्रांनी उरलेल्यांचं काम कमी केलं.

काही लोक हे आकडे दाखवून म्हणतात की सैन्य आलं नसतं तरी गाव संपलंच असतं. मला ते पटत नाही. विल्टशरमधली अशीच कित्येक गावं त्या काळात निम्मी झाली आणि आजही नांदती आहेत. गाव लहान होणं वेगळं, आणि ठरल्या तारखेला कुलूप लागणं वेगळं.

सैन्याकडे जमीन गेली कशी? बळजबरीने घेतली?

बहुतेक विकत घेतली, रोख मोजून. शेती पडलेली, जमिनीचे भाव कोसळलेले, जमीनदार विकायला टेकलेले. १८९७ पासून ब्रिटिश युद्धखात्याने सॉल्सबरी प्लेनवर जमिनी घ्यायला सुरुवात केली. तोफांचा पल्ला वाढत होता आणि त्यांना मोकळं मैदान हवं होतं. १९२० च्या दशकाच्या अखेरीपासून खरेदी इंबरच्या आसपास पोचली. शेतं घ्यायची आणि त्याच शेतकऱ्यांना खंडाने परत द्यायची. खंड माफक होता, त्यामुळे कुणाची फारशी तक्रार नव्हती. बघता बघता चर्च, पाद्र्याचं घर, बाप्टिस्ट या ख्रिस्ती पंथाचं प्रार्थनाघर, शाळेची खोली आणि ‘बेल इन’ हा पब सोडला तर जवळजवळ सगळं गाव युद्धखात्याच्या मालकीचं झालं.

इथेच निकाल लागला होता, असं मला वाटतं. १९४३ ची सभा ही पुढची औपचारिकता. ज्या गावात सगळे एकाच मालकाचे कूळ असतात, ते गाव एका नोटिशीवर रिकामं होऊ शकतं.

१९४२ मध्ये तिथे मोठा अपघात झाला होता ना?

१३ एप्रिल १९४२. इंबरजवळच्या मैदानावर विमानांच्या माऱ्याचं प्रात्यक्षिक होतं. चर्चिल काही दिवसांनी येणार होते, त्याची ही रंगीत तालीम. जमिनीवर नकली सैनिक आणि वाहनं मांडून ठेवली होती आणि ठराविक अंतरावर प्रेक्षक उभे होते, बहुतेक सैनिकच. एका हरिकेन विमानाच्या वैमानिकाला प्रेक्षकांचा घोळकाच लक्ष्य वाटला. त्याने गोळीबार केला. २५ जण मेले, ७१ जखमी झाले. मृतांत गावकरी नव्हते, पण आपण कशाच्या शेजारी राहतो ते गावाला त्या दिवशी कळलं असणार.

गाव रिकामं करायला सांगितलं तो दिवस कसा होता?

१ नोव्हेंबर १९४३. गावकऱ्यांना शाळेच्या खोलीत बोलावलं आणि सांगितलं की ४७ दिवसांत गाव सोडायचं आहे, १७ डिसेंबरच्या आत. म्हणजे नाताळाला आठवडा असताना. कारण असं की युरोपवर चढाई करायची आहे आणि अमेरिकन सैन्याला गल्ल्या-घरांतल्या लढाईचा सराव करायला खरं गाव पाहिजे.

त्या वेळी गावात दीडशेच्या आसपास माणसं होती. बहुतेक शेतमजूर. ४७ दिवसांत त्यांनी दुसरं घर शोधायचं, शेतकऱ्यांनी जनावरं आणि अवजारं विकायची किंवा हलवायची, कापणी झालेलं धान्य मार्गी लावायचं.

कुणी विरोध केला नाही?

जवळजवळ नाही. युद्धाचं चौथं वर्ष सरलं होतं, घरोघरी कुणी ना कुणी सैन्यात होतं. देशासाठी आपल्याला एवढं करायलाच हवं, ही भावना खरी होती. काहींनी तर सैनिकांना उपयोगी पडतील म्हणून स्वयंपाकघरात डबाबंद खाणं मागे ठेवलं. एका शेतकऱ्याला मात्र सैन्याने जबरदस्तीने बाहेर काढलं.

शिवाय सगळ्यांची समजूत अशी होती की युद्ध संपलं की परत यायचं. घरं बंद करून, किल्ली खिशात टाकून जावं तसे लोक गेले.

गावच्या लोहाराबद्दल जे सांगतात ते काय?

अॅल्बर्ट नॅश चाळीसहून जास्त वर्षं इंबरचे लोहार होते. घोड्यांना नाल मारायचे, नांगराचे फाळ शेवटायचे, दाराच्या कड्या बनवायचे, सगळं त्यांच्याकडे. सभेनंतर ते भात्याशेजारी ऐरणीवर डोकं टेकून लहान मुलासारखे रडत बसलेले त्यांच्या बायकोला दिसले. गाव सोडल्यावर थोड्याच दिवसांत ते आजारी पडले आणि गेले. पुरायला त्यांना इंबरमध्ये परत आणलं. गावकऱ्यांपैकी परत आलेले ते पहिले.

डॉक्टरांनी काय निदान केलं असेल ते असो, गावकरी सांगायचे की त्यांनी हाय खाल्ली.

नुकसानभरपाई मिळाली का?

फारच थोडी. घर आणि जमीन युद्धखात्याचीच होती, तेव्हा मालक स्वतःच्याच घराची भरपाई कुळाला कशी देणार, असा सरळ हिशेब. शेतात उभ्या असलेल्या पिकाचे, भाजीपाल्याचे वगैरे काही पैसे हातात पडले. महाराष्ट्रात धरणांच्या पायी ज्यांची गावं गेली त्यांना यातलं काहीच नवं वाटणार नाही.

युद्ध १९४५ मध्ये संपलं. मग परत का नाही जाऊ दिलं?

सैन्याला गाव हवं होतं म्हणून. तोपर्यंत घरांचंही बरंच नुकसान झालं होतं. काही सरावात, काही ऊनपावसाने. वेळच्या वेळी शाकारणी नाही झाली तर शाकारलेलं घर किती वर्षं टिकणार? छप्पर गेलं की मातीच्या भिंती वर्षा-दोन वर्षांत विरघळतात.

गावकरी आणि त्यांचे पाठीराखे गप्प राहिले नाहीत. एम्सबरीचे ऑस्टिन अंडरवूड यांनी चळवळ उभी केली. २२ जानेवारी १९६१ रोजी बंदी झुगारून दोन हजारांवर लोक गाड्यांच्या रांगा लावून, चिखल तुडवत इंबरमध्ये शिरले. त्यांत जुने रहिवासीही होते. ‘इंबर कायमचं आमचं’ अशा अर्थाच्या घोषणा झाल्या. सरकारला जाहीर चौकशी बसवावी लागली. निकाल सैन्याच्या बाजूने लागला. प्रकरण हाउस ऑफ लॉर्ड्समध्येही गेलं. तिथून एवढंच पदरात पडलं की चर्चची देखभाल होईल आणि वर्षातून एकदा, सेंट जाइल्सच्या सणाच्या म्हणजे १ सप्टेंबरच्या जवळच्या शनिवारी, तिथे प्रार्थना करता येईल. १९७० च्या दशकात संरक्षण खात्याच्या जमिनींचा फेरविचार झाला तेव्हा इंबरचा विषय पुन्हा निघाला आणि पुन्हा तसाच मिटला.

परत येण्याचं वचन दिलं होतं की नाही, यावर दोन्ही बाजूंनी पुष्कळ शाई खर्च झाली. मला हा वाद थोडा निरर्थक वाटतो. शाळेच्या खोलीत बसलेल्या मजुराने अधिकाऱ्याकडे लेखी मागितलं नाही, हा त्याचा दोष कसा?

डॉर्सेटमधलं टाइनहॅम गावही त्याच डिसेंबरात असंच रिकामं झालं आणि तेही परत मिळालं नाही. तिथे मात्र बऱ्याच शनिवार-रविवारी जाता येतं.

आज गावात काय उभं आहे?

सेंट जाइल्सचं चर्च सोडलं तर मोजक्याच जुन्या इमारती. इंबर कोर्ट हा वाडा आहे, पण वरचा मजला गेलेला. बेल इनची इमारत आहे. १९३० च्या दशकात बांधलेली चार सरकारी घरं आहेत. ज्यांना ती मिळाली त्यांना नव्या घरात जेमतेम बस्तान मांडता आलं. एका शेतघराचे सांगाडेवजा अवशेष. सगळ्यांची दारं-खिडक्या बंद केलेली, छपरं साधी पत्र्याची.

मधूनमधून विटांची बिनखिडक्यांची, बिनचेहऱ्याची घरं दिसतील. ती कुणाची नव्हेत. उत्तर आयर्लंडला जाणाऱ्या सैनिकांच्या सरावासाठी १९७० च्या दशकात मुद्दाम बांधलेली आहेत. नवखे लोक नेमके त्यांचेच फोटो काढतात आणि खाली ‘ओसाड गाव’ असं लिहितात.

बाप्टिस्टांचं प्रार्थनाघर पाडलं गेलं, त्यांची दफनभूमी मात्र तारेच्या कुंपणात आहे.

चर्चमध्ये बघण्यासारखं काय?

चर्च तेराव्या शतकातलं आणि नंतर वाढवत नेलेलं. बाहेरून उंच जाळीचं कुंपण आहे, त्याने दचकू नका. आत बाकं नाहीत, घंटा नाहीत, जवळजवळ काहीच सामान नाही. राउस घराण्यातल्या दोन सरदारांचे दगडी पुतळे, पाय लांबवून आडवे पडलेले, पूर्वी इथे होते. ते एडिंग्टनच्या चर्चमध्ये नेले.

भिंतीवर मध्ययुगीन रंगचित्रांचे पुसट तुकडे आहेत. पण मनोऱ्याखाली जाऊन उत्तरेकडची भिंत नक्की बघा. सतराव्या शतकात घंटा वाजवणाऱ्यांनी आपल्या वाजवण्याचा क्रम तिथे रंगाने लिहून ठेवला आहे. इंग्लंडमध्ये चर्चच्या घंटा सुरावटीत वाजवत नाहीत. प्रत्येक फेरीत क्रम बदलत जातो, आणि दोर ओढणाऱ्या प्रत्येकाला आपली पाळी पाठ असावी लागते. इंबरच्या मंडळींनी तो क्रम डोळ्यांसमोर राहावा म्हणून भिंतीवरच आकड्यांच्या ओळी मांडल्या. पाठांतर कच्चं असलेल्या कुणाची तरी ही सोय असावी. गावात राहिलेल्या सगळ्या वस्तूंत मला ती सर्वांत जिवंत वाटते.

२००५ पासून हे चर्च जुन्या चर्चेस सांभाळणाऱ्या ट्रस्टकडे आहे आणि त्यांनी ते दुरुस्त करून घेतलं आहे.

सैन्य आल्यामुळे निसर्ग वाचला, हे खरं का?

खरं आहे, आणि पचायला जड आहे.

दुसऱ्या महायुद्धानंतर इंग्लंडने अन्नधान्यासाठी दिसेल ती जमीन नांगरली. रासायनिक खतं आली आणि मेंढीच्या खताची गरज संपली. खडूवरचे बहुतेक जुने माळ एका पिढीत गेले. सॉल्सबरी प्लेनवर सैन्याच्या ताब्यात सुमारे ३८,००० हेक्टर जमीन आहे. तिच्या मोठ्या भागात नांगर गेलाच नाही, खतही पडलं नाही. आज वायव्य युरोपातला खडूवरचा सर्वांत मोठा सलग गवताळ माळ तिथे आहे.

अशा माळावर एक चौरस मीटर जागेत गुडघे टेकून बसलात तर तीस-चाळीस प्रकारच्या वनस्पती मोजता येतात. माती निकस, म्हणून कुठलंच एक गवत माजत नाही आणि सगळ्यांना जागा मिळते. फुलं आली की मागोमाग फुलपाखरं. मार्श फ्रिटिलरी हे इतरत्र दुर्मिळ झालेलं फुलपाखरू इथे चांगलं टिकून आहे.

सर्वांत नवलाची गोष्ट रणगाड्यांच्या चाकोऱ्यांत आहे. त्यांत पावसाचं पाणी साचतं आणि त्या डबक्यांत परीझिंगा नावाने ओळखता येईल असा, पाठीवर उलटा पोहणारा, पारदर्शक, बोटाच्या पेराएवढा जीव जगतो. डबकं आटलं की तो मरतो, पण अंडी वाळल्या चिखलात तग धरून राहतात. रणगाडा पुन्हा आला की तोच चिखल पट्ट्याला चिकटून दुसऱ्या डबक्यात जातो. पूर्वी हे काम गुरांच्या खुरांनी आणि गाड्यांच्या चाकांनी व्हायचं.

थडगी आणि रोमनकालीन खेडी वाचली तीही याच कारणाने. अर्थात तोफगोळ्यांनी आणि रणगाड्यांनी काही उद्ध्वस्तही झालं. आता अशा जागांवर खुणेच्या पाट्या लावून वाहनांना बंदी आहे.

म्हणून ‘बरं झालं सैन्य आलं’ असं म्हणायचं का? फुलपाखरांचा हिशेब फुलपाखरांच्या वहीत मांडावा. अॅल्बर्ट नॅशच्या खात्यावर तो जमा करू नये.

तिथे माळढोक आहेत असं ऐकलं, खरं का?

आपला माळढोक नव्हे, त्याचा युरोपीय भाऊबंद. ग्रेट बस्टर्ड. नर हा उडणाऱ्या सर्वांत वजनदार पक्ष्यांपैकी एक. विल्टशर काउंटीच्या चिन्हावरही तोच आहे. ब्रिटनमधला शेवटचा पक्षी १८३२ च्या सुमारास शिकारीत गेला. २००४ पासून रशियातून, नंतर स्पेनमधून आणून ते सॉल्सबरी प्लेनवर पुन्हा सोडले गेले, आणि २००९ मध्ये पिल्लंही झाली. सोलापूरजवळच्या नान्नजला माळढोकाचं काय झालं हे ज्यांना माहीत आहे, त्यांनी विल्टशरला गेल्यावर दुर्बीण जवळ ठेवावी.

बसने जाता येतं म्हणतात. रिकाम्या गावाला बस कशी?

वर्षातून एक दिवस, ऑगस्टमध्ये. २००९ मध्ये बसवाहतुकीत काम करणाऱ्या काही हौशी मित्रांनी ही टूम काढली आणि ती चालू राहिली. लंडनच्या जुन्या लाल दुमजली रूटमास्टर बस वॉर्मिन्स्टर स्टेशनहून सुटतात, पाटीवर मार्ग क्रमांक २३अ. इंबर, न्यूझीलंड फार्म, गोर क्रॉस, चिटर्न असे थांबे घेतात. न्यूझीलंड फार्मच्या थांब्यावर सैन्याच्या छावणीखेरीज काही नाही, तरी लोक हौसेने तिकीट काढतात. मिळालेले पैसे चर्चला आणि माजी सैनिकांच्या संस्थेला जातात.

वरच्या मजल्यावर पुढची जागा मिळवा. सीमेवरची लाल झेंड्यांची चौकी ओलांडली की रस्त्याच्या दोन्ही बाजूंना गंजलेले रणगाडे दिसायला लागतात. ते नेमबाजीसाठी ठेवलेले आहेत.

एरवी कधी जाता येतं?

संरक्षण खातं दरवर्षी तारखा जाहीर करतं. साधारणपणे ईस्टरच्या सुमारास, ऑगस्टमध्ये आणि नाताळ-नववर्षाच्या सुट्टीत काही दिवस. निघण्याआधी त्या वर्षाच्या तारखा बघूनच निघा. बंद फाटकापाशी जाऊन वाद घालण्यात अर्थ नाही.

रस्ता सोडू नका. हे नेहमीचं सरकारी घाबरवणं नाही. गवतात न फुटलेले बाँब खरोखर आहेत. इमारतींत शिरायलाही बंदी आहे. मुलं बरोबर असतील तर गाडीतून उतरण्याआधीच त्यांना बजावा, कारण रिकामी घरं बघून त्यांचे पाय आपोआप वळतात.

गाव झपाटलेलं आहे का?

नाही.

दिवस हाताशी असेल तर जवळपास आणखी काय बघावं?

इंबर बंद असलं तरी त्याच्याभोवती फिरणारी सुमारे ३० मैलांची पायवाट, इंबर रेंज पेरिमीटर पाथ, बारा महिने खुली असते. पूर्ण करायला दोन दिवस ठेवा. तेवढा दम नसेल तर ब्रॅटन कॅम्पचा तुकडा घ्या. तिथे लोहयुगीन किल्ल्याचे तट आहेत आणि उतारावर वेस्टबरीचा पांढरा घोडा. आजचा आकार १७७८ मधला. विसाव्या शतकात त्याच्यावर काँक्रीट ओतून पांढरा रंग दिला, त्यामुळे जवळून तो पार्किंगच्या फरशीसारखा दिसतो. लांबूनच बघा.

कड्याखाली एडिंग्टनला १३६१ मध्ये प्रतिष्ठापना झालेलं भव्य चर्च आहे आणि इंबरचे ते दोन सरदारही. याच परिसरात ८७८ मध्ये आल्फ्रेड राजाने डॅनिश सेनापती गुथ्रमचा पराभव केला, असं बहुतेक इतिहासकार मानतात. दरोडेखोरांचा दगड गोर क्रॉसजवळ मुख्य रस्त्याला लागूनच आहे. गाडी नीट बाजूला घ्या, वळणावर समोरून सैन्याचे ट्रक येतात.

लंडनहून रेल्वेने यायचं तर वॉटर्लूहून सॉल्सबरी आणि तिथे गाडी बदलून वॉर्मिन्स्टर. खाण्याचं वॉर्मिन्स्टरलाच बघून घ्या. चर्च उघडं असेल त्या दिवशी स्वयंसेवक चहा आणि केक विकतात, बाकी इंबरमध्ये पाण्याची बाटलीसुद्धा मिळत नाही.